उजव्या बाजूला समुद्र

असनावीच्या लहानपणी, भर महासागरातल्या होम आयलंड या चिमुकल्या बेटावर, वेळ दोन आवाजांनी कळायची. एक मळ्याची घंटा. ती वाजली की पुरुष नारळ सोलायला निघायचे आणि बाया खोबरं काढायला. दुसरा आवाज मशिदीतल्या अजानचा. तेव्हा भोंगा नव्हता. बिलाल, म्हणजे अजान देणारा माणूस, ओट्यावर उभा राहून कानांना हात लावायचा, आणि वारा नेईल तिथपर्यंत त्याचा आवाज जायचा. असनावीचं घर वाऱ्याच्या उलट्या बाजूला, वस्तीच्या टोकाला. तिथे अजान यायची ती अर्धीमुर्धी, माडांच्या सळसळीत विरघळलेली. पण त्याच्या आईला तेवढी पुरायची.

"घंटेला उशीर केलास तर मुकादम बोलेल," ती त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढत म्हणायची. "अजानला उशीर केलास तर कोणी काही बोलणार नाही. म्हणून तर आधी ऊठ."

विहिरीचं पाणी पहाटे कोमट असायचं, ते त्याला फार आवडायचं. आधी हात, मग चूळ, मग तोंड, मग कोपरापर्यंत हात. आई शेजारी उभी राहून बघायची आणि टाचा कोरड्या राहिल्या तर पुन्हा धुवायला लावायची. ती स्वतः पांढरा शुभ्र, डोक्यापासून पायापर्यंतचा नमाजेचा झगा घालून घरातच उभी राहायची. त्या झग्याला खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. ती सजद्यात गेली की असनावीची धाकटी बहीण तिच्या पाठीवर चढून बसायची, आणि आई तशीच, पोरगी उतरेपर्यंत, जमिनीला कपाळ टेकवून थांबायची. म्हातारपणी असनावीला आई आठवली की पहिल्यांदा तीच वाकलेली पाठ आठवते. चेहरा नंतर येतो.

असा वाढलेला मुलगा नमाज सोडील असं कोणाला वाटलं नसतं. त्यालाही नाही. पण मिसरूड फुटली आणि त्याला समुद्राचं वेड लागलं. मासळी भरतीच्या वेळी मिळते, नमाजेच्या वेळी नाही, असं तो हसत म्हणायचा. आधी दुपारची सुटली, मग तिसऱ्या प्रहराची. पहाटेच्या वेळी तर तो होडीत असायचा. आपण काही सोडलंय असं त्याला वाटतच नव्हतं. थोडं लांबवलंय इतकंच.

त्याचं लग्न जुमैयाशी झालं. जुमैया बोलायला धारदार, हाताने सढळ. वर्षाच्या आत त्यांना मुलगी झाली, नफिसा, आणि बेटाच्या रीतीप्रमाणे असनावीचं नाव मागे पडून तो सगळ्यांचा 'पाक नफिसा' झाला, नफिसाचा बाप. जुमैयाचा थोरला भाऊ मुखलिस. होड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तोच मशिदीचा बिलाल होता. उंच, हडकुळा, बोलणं मोजकं आणि कोरडं. पण अजान द्यायला लागला की हा आवाज या छातीत मावतो कुठे, असा प्रश्न पडावा.

दोघांचं आधी चांगलं जमायचं. दोघांनी मिळून एक जुकाँग बांधली, शिडाची होडी. मुखलिसने फळ्या तासल्या, असनावीने शीड बेतलं, आणि ईदच्या शर्यतीत सुकाणूवर असनावी बसला. सगळं बेट किनाऱ्यावर जमलं होतं. शेवटच्या वळणाला पुढची होडी गाठायची म्हणून त्याने प्रवाळाच्या दोन खडकांमधून आडवाट घेतली. पाणी ओसरतंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. होडी खडकावर चढली, आणि फळी उभी चिरल्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला.

मुखलिस छातीभर पाण्यात चालत आला. त्याने होडीच्या पोटाखालून हात फिरवला. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दिवसातून पाच वेळा तोंड कुठे करायचं हे ज्याला कळत नाही, त्याला खडकांमधली वाट काय कळणार!"

लोक हसले. ईदचा दिवस, हसायला निमित्तच हवं होतं. पण असनावीच्या काळजात ते रुतलं, कारण ते खरं होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आता तुमच्या अजानवर मी मशिदीत पाऊल टाकणार नाही."

त्याने ते खरं करून दाखवलं. अजान सुरू झाली की त्याच्या हातांना कुठलं तरी काम आठवायचं. जाळं विस्कटलेलं नसलं तरी तो ते सोडवत बसायचा. जुमैया आतून ओरडायची, "पाक नफिसा, रुसायचं तर माझ्या भावावर रुसा. नमाजेने तुमचं काय घोडं मारलंय?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बेटावर ईदला प्रत्येक घरी जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची रीत आहे. असनावी मुखलिसच्या घरीही जायचा, पण मुखलिस मशिदीत असेल तेव्हा. मुखलिस यांच्याकडे यायचा तो असनावी किनाऱ्यावर गेलेला बघून. दोघांची माफी जुमैया आणि तिची भावजय आपापसात देऊन घेऊन टाकायच्या. वर्षांमागून वर्षं अशी गेली. मळा बंद पडला, घंटा उतरवली, अर्धी वस्ती कामासाठी ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या भूमीवर निघून गेली, मशिदीला भोंगा बसला. या दोघांचा अबोला मात्र जागच्या जागी.

नफिसाचं लग्न ठरलं तेव्हा जुमैयाने पदर खोचला. मांडवाला झावळ्या हव्यात, भात शिजवायच्या पुड्या विणायला माडाची कोवळी पाती हवीत, शहाळी तर ढिगाने हवीत. चांगले माड खाडीपलीकडच्या पुलू लुआर बेटावर. आणि मुलीच्या लग्नाचे नारळ बापाने आणि मामाने मिळून आणायचे, असं तिने जाहीर केलं.

"अशी रीत कधीपासून?" असनावीने विचारलं.

"आजपासून. दोघं एका होडीतून जा. बोलायचं नसेल तर नका बोलू, नारळांना काय कळतंय!"

ते इंजिनाच्या पत्र्याच्या होडीतून गेले. दिवसभर माडाखाली दोघं राबले, एकमेकांशी एक शब्द न बोलता. काही सांगायचंच झालं तर वाऱ्याला सांगायचे.

"दोर कोणीतरी नीट बांधला असता तर बरं झालं असतं," मुखलिस आभाळाकडे बघून म्हणायचा.

"दोर ज्याला दिसतो त्याला हातही असतात," असनावी माडाला सांगायचा.

होडी काठोकाठ भरली. उन्हं कलायच्या आत ते परत निघाले. पुलू लुआरवरून घरी यायचं म्हणजे आग्नेयेच्या वाऱ्याच्या तोंडावर यायचं, आणि वाटेत खाडीचं मोठं तोंड लागतं, तिथून पुढे उघडा महासागर. नेमकं तिथे इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आणि गप्प झालं.

असनावीने दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले. मुखलिसने वल्हं मारायला घेतलं. एक वल्हं मधोमध मोडलं, तेव्हा ते कोणाच्या चुकीने मोडलं हेही कोणी वाऱ्याला सांगितलं नाही. नांगर टाकला, तो तळाला लागलाच नाही. पाण्याचा हिरवा रंग गेला आणि गर्द निळा आला. पुलू लुआरचे माड आधी बुटके झाले, मग एक रेघ झाले.

तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची वेळ झाली. मुखलिस बाजूवरून वाकला, समुद्राच्या पाण्यात हात-तोंड-पाय धुऊन वजू केला आणि कानांना हात लावले. त्याने अजान दिली. भोंगा नाही, मशीद नाही, ऐकायला एक रुसलेला मेहुणा. तरी त्याने ती पूर्ण दिली, अगदी सावकाश. असनावीने आयुष्यात ती कधी इतक्या जवळून ऐकली नव्हती. आवाज ऐकू यायच्या आधी हडकुळ्या बरगड्या हलायच्या, ते त्याला दिसलं.

मुखलिस वाऱ्याकडे पाठ करून बसला. उभं राहिलं तर होडी उलटली असती. त्यांच्या बेटावर हे सोपं आहे: आग्नेयेचा वारा पाठीशी घेतला की किब्ला, म्हणजे काबागृहाची दिशा, बहुतेक समोरच येते. त्याने वाकून कपाळ पुढच्या पाटाला टेकवलं तशी होडी एका अंगाला कलली, आणि असनावीला पटकन दुसऱ्या बाजूला सरकावं लागलं. तो उठला की असनावी परत मध्ये. नमाज संपेपर्यंत असनावी असा इकडून तिकडे सरकत राहिला. त्या वेळी त्याला कळलं नाही, पण नंतर तो सांगायचा की माझीही अर्धी नमाज तिथेच झाली.

संध्याकाळ झाली, रात्र गेली. पाणी उपसत, झावळ्या अंगावर ओढून, थरथरत दोघं बसून राहिले. पहाटे पूर्वेला पांढरी चिरी उमटली आणि मुखलिसने पुन्हा अजान दिली. असनावीने हात पाण्यात बुडवले. हात, चूळ, तोंड, कोपर. सोललेल्या तळव्यांना मीठ झोंबलं. शेवटी त्याने टाचा धुतल्या, दोनदा. मग तो जाऊन मुखलिसच्या मागे बसला.

मुखलिसने मान वळवली नाही. "एकटा माणूस असला तर त्याने इमामाच्या मागे बसायचं नसतं," तो म्हणाला. "उजव्या बाजूला बसायचं असतं."

इतक्या वर्षांत त्याने असनावीशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"आबांग," असनावी म्हणाला, कारण बायकोच्या थोरल्या भावाला दादाच म्हणायचं असतं, "उजव्या बाजूला समुद्र आहे."

मुखलिसने उजवीकडे पाहिलं. खरंच, एक वीत पाट आणि पुढे समुद्र. त्याचे खांदे हलले. असनावीला वाटलं हा रडतोय की काय. तो हसत होता. हसू आवरेपर्यंत त्याला थांबावं लागलं, मग कुठे त्याने हात उचलले.

नमाज संपते ती सलामाने. आधी उजवीकडे मान वळवून, मग डावीकडे: तुमच्यावर शांती असो. मशिदीत ते ओळीतल्या सगळ्यांना असतं, फरिश्त्यांना असतं. होडीत उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी. मुखलिसने दोन्हीकडे सलाम केला आणि मग बेटावरच्या रीतीप्रमाणे हात मिळवायला पूर्ण मागे वळला. असनावीने दोन्ही हातांत तो हात घेतला. दोघांनी आपापला हात छातीला लावला. शर्यतीबद्दल कोणी काही बोललं नाही. मुखलिसने एक शहाळं उचललं, कोयत्याने तोंड उडवलं आणि आधी असनावीला दिलं.

मग तोच नियम झाला. प्रत्येक नमाजेनंतर एक शहाळं, अर्धं अर्धं. मध्ये कितीही घसा सुकला तरी नाही. नुसत्या पाण्याकडे आणि आभाळाकडे बघत बसलं की माणसाचं डोकं फिरतं. असनावीचं पहिल्याच दुपारी फिरायला लागलं होतं. सगळा दिवस एकदम समोर उभा राहिला तर तो उचलवत नाही. पण दुपारच्या नमाजेपर्यंत टिकायचंय, एवढं तर जमतं. ती झाली की तिसऱ्या प्रहराची. पाणी उपसायचं, झावळीच्या सावलीत आलटून पालटून पडायचं, क्षितिज बघायचं, आणि पुन्हा वजू.

बोलायला लागल्यावर दोघं थांबेनात. वर्षांचं साठलं होतं. पहिला वाद नमाजेवरूनच झाला.

"प्रवासात नमाज आखडती घ्यायची सूट असते," असनावी म्हणाला. "मला आठवतंय, आईने सांगितलं होतं."

"प्रवाशाला असते. तू कुठे चाललायस?"

"मला काय ठाऊक!"

"मग तू प्रवासी कसला? जायचं कुठे हे ज्याला माहीत नाही, त्याला सूट नाही. पूर्ण पढायची."

"वारा तर सरळ किब्ल्याकडे नेतोय. असेच वाहत गेलो तर हजच होईल, तीही फुकटात."

"नेसूच्या फाटक्या सारोंगवर काबागृहात शिरू देतील का तुला?" मुखलिस म्हणाला, आणि दोघं पोटभर हसले.

एकदा विमान दिसलं. फार लांब, उन्हात चमकलेलं टिपूस. असनावीने सारोंग काढून हलवलं, ओरडून घसा फाडला. टिपूस निघून गेलं. तो मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. मुखलिस सावली बघून एवढंच म्हणाला, "वेळ झालीय. चल, हात धू."

त्यानंतर मुखलिस आजारी पडला. वय असनावीपेक्षा जास्त, अंगावर मांस आधीच नाही, आणि उन्हाने त्याला पुरतं सुकवलं. अंग तापलं. त्याला बसवेना. संध्याकाळी लाली पसरली तेव्हा तो झावळ्यांवर पडूनच म्हणाला, "अजान तू दे."

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

असनावीने कानांना हात लावले. आवाज चिरका आला, मध्येच फुटला. इतक्या वर्षांत जी टाळण्यासाठी त्याने विस्कटलेली नसलेली जाळी सोडवली होती, ती अजान त्याच्या तोंडात शब्द न चुकता होती. मग तो पुढे बसला. संध्याकाळची नमाज मोठ्याने म्हणायची असते. पहिली सूरा, म्हणजे पहिला अध्याय, झाली. त्यानंतर त्याने आईने शिकवलेली एक छोटी सूरा घेतली आणि अर्ध्यावर अडकला. पुढचा शब्द काही केल्या येईना. लाटा होडीच्या पत्र्यावर आपटत होत्या. मागून, अगदी बारीक आवाजात, पडल्या पडल्या मुखलिसने तो शब्द सांगितला. असनावीने उचलला आणि पुढे गेला.

सलाम झाल्यावर त्याने वळून पाहिलं. मुखलिस पडूनच, नुसत्या डोळ्यांच्या पापण्यांनी वाकत आणि उठत नमाज पुरी करत होता. आजारी माणसाला तेवढंही चालतं. असनावीने शहाळं त्याच्या ओठांना लावलं.

"त्या दिवशी मी बोललो ना," मुखलिस म्हणाला, "ते होडीसाठी नव्हतं रे. होडी काय, दुसरी बांधली असती. अजान देऊन मागे वळलो की तू ओळीत नसायचास. रोज बघायचो. ते मनात साठलं होतं, भलत्या जागी बाहेर पडलं."

"खरंच तर होतं ते."

"खरं म्हणून चारचौघांत बोलायचं नसतं."

असनावीने त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. "आबांग, मीही काही कमी नाही केलं. तुमचा राग मी अल्लावर काढला. आणि इतकी वर्षं त्याने मला काही केलं नाही, मासळीसुद्धा देत राहिला."

"आता एकदम वसूल करतोय," मुखलिस डोळे मिटून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजेनंतर जहाज दिसलं. मोठं, मालवाहू, गंजक्या लाल पोटाचं. या वेळी त्याला हाका मारायला असनावीत जोर नव्हता. त्याने कोयता उन्हात धरला आणि त्याची चकाकी जहाजाच्या बाजूला फेकत राहिला. जहाज पुढे गेलं, आणि मग हळूहळू, एवढा मोठा डोंगर वळावा तसं, वळलं. वर घेतल्यावर जहाजाचा स्वयंपाकी, जावाचा माणूस, यांची भाषा थोडी कळणारा, त्याने विचारलं, "बाबांनो, निघाला कुठे होतात?"

"नारळ आणायला," मुखलिस झोळीत पडल्या पडल्या म्हणाला.

इकडे बेटावर विमानांनी चालवलेला शोध थांबला होता. मशिदीत कुजबुज सुरू झाली होती की आता दोघांसाठी मयताची नमाज पढून घ्यावी, देह नसला तरी चालते. चार वडीलधारी जुमैयाला विचारायला आली. नवरा आणि भाऊ, दोघं एकाच होडीतून तिनेच पाठवलेले. ती पांढरा झगा घालून नमाजेच्या चटईवर बसलेली होती. तशीच बसून म्हणाली, "मयताची नमाज पढायची असेल तर माझी पढा, मग त्यांची. मी अजून जित्या माणसांसाठी दुआ मागतेय, मध्ये येऊ नका." म्हातारे गुपचूप परत गेले. शेजारच्या पश्चिम बेटावरच्या सरकारी कचेरीतून दोघं सापडल्याचा निरोप आला तेव्हाही ती चटईवरच होती. उठायला गेली तर पाय बधिर झाले होते, नफिसाने आणि भावजयीने धरून उठवलं.

नफिसाचं लग्न महिनाभर पुढे गेलं आणि दणक्यात झालं. शहाळी दुसऱ्यांनी आणली. मुखलिस तोवर इस्पितळातून परतला होता, काठी टेकत, पण मामाच्या जागी बसायला त्याने काठी बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी असनावी पहिल्या ओळीत उभा राहिला. लोकांनी वळून वळून पाहिलं. कोणीतरी ठेवणीतला टोमणा मारलाच, "पाक नफिसा, मशीद सापडली वाटतं?"

"वाट वाकडी होती," असनावी म्हणाला. "समुद्रावरून आलो."

त्यानंतरची काही वर्षं ही असनावीच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. मोठं असं काही घडलं नाही त्यांत. मुखलिसच्या पडवीत एक जुनी जुकाँग उलटी घालून ठेवलेली असायची, दोघं तिच्या फटी बुजवत बसायचे. अजानची वेळ झाली की मुखलिस हत्यार खाली ठेवायचा आणि न बोलता चालू लागायचा, असनावी मागोमाग. वाटेत विहिरीपाशी थांबायचं, विहीर आता कोणी वापरत नव्हतं, तरी थांबायचं. नमाज झाली की मशिदीच्या पायरीवर बसून कॉफी. मुखलिस त्यात इतकी साखर घालायचा की जुमैया म्हणायची, "हा कॉफी पीत नाही, साखरेचा पाक पितो." येणाऱ्याजाणाऱ्याला दोघं होडीतली गोष्ट सांगायचे आणि सांगताना भांडायचे. वल्हं कोणी मोडलं यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

मुखलिसचा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या भूमीवर, कटॅनिंग गावात, मांसाच्या कारखान्यात होता. बापाचं हृदय दुबळं झालं तसा तो त्याला तिकडे, डॉक्टरांजवळ, घेऊन गेला. एका हिवाळ्यात असनावी भेटायला गेला. गवतावर पांढरं दव गोठलेलं, चहूकडे गव्हाची शेतं, समुद्र कुठेच नाही. मुखलिस दोन स्वेटर घालून शेगडीपाशी बसला होता. "इथे वारा कुठूनही येतो," त्याने तक्रार केली. "नातवाला विचारावं लागतं, बाबा रे, किब्ला कुठे?" मशिदीत दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. बाहेर पडताना मुखलिसने असनावीचा हात धरला होता तो गाडीपर्यंत सोडला नाही. पुढच्या वर्षी, रमजानच्या आधी, तो गेला. तिथेच पुरला.

असनावी आता नेक हरीस आहे, नफिसाच्या मुलाचा, हरीसचा, आजा. दात गेले, गुडघे गेले. कोणी विचारलं की तुमच्या आयुष्यात सगळ्यात वाईट दिवस कोणते, तर तो समुद्रातले दिवस सांगत नाही. ज्या वर्षांत तो अजान ऐकून जाळी सोडवत बसायचा, ती सांगतो. "घर होतं, बायको होती, मासळी होती," तो म्हणतो. "पण दिवस नुसता लांबच लांब असायचा. त्याला कुठे सांधाच नव्हता."

डॉक्टरने जमिनीवर बसायला मनाई केलीय. मशिदीत त्याच्यासाठी ओळीच्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. पहिले काही दिवस त्याने तिच्यावर बसायला साफ नकार दिला, मग एकदा सजद्यातून उठताच येईना आणि चौघांनी उचलला, तेव्हापासून मुकाट बसतो. आज दुपारीही जुमैयाने त्याला अर्ध्या जेवणावरून उठवलं.

"नेक हरीस, ऐकू येत नाही का? केव्हाची झाली अजान."

"येतंय, येतंय. मासा तरी संपवू दे."

"मासा कुठे पळत नाही आता."

त्याने हात धुतले, टोपी घातली आणि काठी घेऊन उन्हातून निघाला. पोचला तेव्हा ओळ उभी राहत होती. तो खुर्चीवर बसला, दम लागला होता तो जरा खाली बसू दिला. इमामाने हात उचलले, तसे त्यानेही उचलले.